उचललेली डिझेल पिकअप : शॉकअप गेलेत, की लिफ्टच चुकलीय?

कृष्णाकाठ

गाडी इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २०१८ ची, २.५ लिटर डिझेल, ९० हजाराच्या पुढे पळालेली. तीनेक वर्षांपूर्वी दोन इंचांनी उचलून घेतली, २४५/७० आर १६ काढून २६५/७० आर १६ टायर टाकले. बिलावर फक्त "लिफ्ट किट २ इंच, पुढे-मागे" एवढंच लिहिलंय. हौद्यात कायमचं वजन काही नाही. कधी खताची पोती, कधी पाइप, बाकी रिकामीच फिरते.

लक्षणं अशी. कऱ्हाडहून कोल्हापूरकडे जाताना ऐंशीच्या पुढे पुलाच्या सांध्यावरून गेलं की नाक खाली जातं, वर येतं, परत खाली जातं. पूर्वी एकदाच दबून गप्प बसायचं. वळणात रस्ता उखडलेला असेल तर मागचं बूड बाहेरच्या बाजूला उडी मारतं. गतिरोधकावरून पुढची चाकं खाली उतरताना "ठक्" असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येतो. चढताना नाही, उतरतानाच. आणि पुढचा डावा टायर साठच्या वेगाला घूं घूं करायला लागलाय.

एका गॅरेजात कोपऱ्यावर हात देऊन गाडी दाबून बघितली. म्हणाले, शॉकअप ठणठणीत आहेत, अलाइनमेंट करा. दुसऱ्याने खाली न वाकताच चारही बदला म्हणून आकडा सांगितला. आकडा ऐकून मी चहा पिऊन घरी आलो.

नवीन घालायला ना नाही. पण दुखणं कळल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत. घरी काय काय तपासता येईल?

निवांतपंत

हवा किती ठेवता?

कृष्णाकाठ

चारही चाकांत ४०. टायरवाल्याने सांगितलेली.

निवांतपंत

रिकाम्या पिकअपला ४०? मग बूड उडणारच की हो. दारावरच्या स्टिकरवर रिकाम्या गाडीसाठी जो आकडा आहे तिथून सुरुवात करा. तो मूळ टायरसाठी आहे हे मान्य, पण टायरवाल्याच्या अंदाजापेक्षा बरा. सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजा, गार असताना.

ग्रीसगन

पंतांना +१. आधी हवा उतरवा, मग पुढचं वाचा. फुगलेला टायर गाडी उडवतो आणि शिव्या शॉकअपला बसतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करू, निम्मे गैरसमज तिथेच असतात. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. तुमच्या गाडीला पुढे कॉइल (वेटोळ्याची स्प्रिंग), मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या). उंचीही तीच ठरवते. शॉकअप वजन पेलत नाही. गॅसचा असेल तर नावापुरता हातभार लावतो, बस. त्याचं काम दबलेली स्प्रिंग उसळायला लागली की तिला आवरायचं. आत पिस्टनला भोकं असतात, त्यांवर पातळ पोलादी चकत्यांचे व्हॉल्व्ह असतात, त्यांतून तेल रेटलं जातं, हालचालीची उष्णता होते आणि ती नळीच्या अंगातून हवेत जाते. त्यामुळे एका बाजूला बसलेली गाडी शॉकअप बदलून उठत नाही. आणि गाडी सरळ उभी आहे म्हणून शॉकअप चांगले, असंही नाही.

आता तुमची लक्षणं. ही एकाच रोगाची नाहीत.

नाक दोनदा हलतं, हे पुढच्या शॉकअपचं. स्प्रिंग उसळतेय आणि तिला कोणी धरत नाही. यात मला फारशी शंका नाही.

मागचं बूड उडतं, यात तीन संशयित आहेत : जास्त हवा, लिफ्टसाठी घातलेला जादा पाटा, आणि शॉकअप. हवा उतरवून पुन्हा चालवल्याशिवाय यावर बोलत नाही.

टायरचं घूं घूं : गाडी उभी करून टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवा, गोलाकार, सगळा फेरा. दर चार-सहा बोटांवर उंचवटा-खळगा असा हाताला लागला तर चाक रस्त्यावर टेकून न चालता उड्या मारत चाललंय. याला कपिंग म्हणतात. पण लगेच शॉकअपच्या गळ्यात मारू नका. बॅलन्सिंग गेलेलं असेल किंवा चाकाचं बेअरिंग सैल असेल तरी असाच टायर खातो. चाक जॅकवर घेऊन बारा आणि सहाच्या जागी धरून हलवून बघा. फक्त आतली किंवा बाहेरची कड खाल्ली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल चुकलाय. एका दिशेने हात गुळगुळीत फिरतो आणि उलट दिशेने करवतीसारखा अडतो, तर टो, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलीत. लिफ्टनंतर अलाइनमेंट केली होती का?

आणि ते "ठक्". चढताना नाही, उतरताना येतं म्हणालात. मला सगळ्यात जास्त रस त्यातच आहे. त्याबद्दल खाली विचारतो.

हात देऊन दाबायची टेस्ट छोट्या गाड्यांची. माणसाच्या वजनाने पिकअपची कॉइल धड दबत नाही, आणि मागे पाट्यांचं आपापसातलं घर्षणच हालचाल मारून टाकतं. शिवाय हाताने दाबताना पिस्टन सावकाश सरकतो. पुलाच्या सांध्यावर तो कितीतरी वेगात सुटतो आणि तिथे व्हॉल्व्हचं निराळं काम चालतं. टेस्टमध्ये नापास झाला तर तो शॉकअप गेलाच. पास झाला तर काही कळलं नाही, एवढाच अर्थ.

मग काय करायचं :

तेल बघा. शॉकअपच्या वरच्या भागावर ओलसर थर आणि त्याला चिकटलेली धूळ असेल तर घाबरू नका. दांडा आत-बाहेर करताना सीलमधून तेलाची बारीक फिल्म बाहेर येतेच, सील ओलं राहायला ती लागते. त्याला घाम म्हणा. पण ओघळ खालच्या बुशपर्यंत (जोडातल्या रबरापर्यंत) गेलेला असेल, बोट लावलं की तेल लागत असेल, तर ती गळती. आधी फडक्याने कोरडं पुसा, दोन दिवस गाडी चालवा, मग बघा. धुऊन आणल्याआणल्या बघू नका, पाण्याने सगळे पुरावे जातात.

उष्णता बघा. खराब रस्त्यावर वीसेक मिनिटं गाडी चालवा आणि थांबल्याथांबल्या चारही शॉकअपची नळी टेम्परेचर गनने मोजा. गन नसेल तर हाताची मागची बाजू आधी जवळ न्या, मग लावा. पकडू नका, भाजेल. जो काम करतो तो तापतो. एकाच अॅक्सलवरच्या दोघांत एक गरम आणि एक बराच गार असेल, तर गार असलेला फुकटचा पगार खातोय.

आणि शेवटचा प्रश्न, तो महत्त्वाचा : पुढे लिफ्ट नक्की कशाने दिलीय? बोनेट उघडून आणि चाकाच्या कमानीतून बघा. पुढचा शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून जो संच, तो स्ट्रट. स्ट्रटचं वरचं टोक आणि चासीचं बसकं यांच्यामध्ये जाड चकती आहे, की ती चकती स्प्रिंगच्या आत, स्प्रिंगचं टोक आणि वरची थाळी यांच्यामध्ये आहे?

उंडगा

आमच्या इथला मिस्त्री टायरला लाथ मारून सांगतो. फी नाही.

दख्खनी डिझेल

ग्रीसगन, बाकी सगळं मान्य, पण हाताच्या टेस्टला इतकं निकालात काढू नका. एकट्याने बोटांनी दाबली तर काही कळत नाही हे खरं. पण दोघांनी मागच्या बंपरवर उभं राहून लयीत गाडी हलवायची आणि एकदम खाली उतरायचं. मग डावी बाजू आणि उजवी बाजू वेगळी वागते का ते तिसऱ्याने लांबून बघायचं. तुलनेला उपयोग होतो. आमच्याकडच्या जुन्या पिकअपचा एक मागचा शॉकअप असाच सापडला होता.

ग्रीसगन

तुलनेसाठी ठीक. माझा आक्षेप एवढाच की त्या टेस्टच्या जोरावर "ठणठणीत" असं प्रमाणपत्र देऊ नये.

टोमॅटोवाला

नारायणगावकडचा माणूस आहे, गाडी मालाची, हौस नाही. पाट्यांचं थोडं सांगतो.

आमच्या गाड्या भरल्या की मऊ चालतात आणि मार्केटवरून रिकाम्या परत येताना उडतात. पाटा भरलेल्या वजनासाठी बांधलेला असतो, रिकाम्या गाडीला तो दगडच. तुमच्यात लिफ्टवाल्याने मागं जादा पाटा टाकलेला असणार, म्हणजे अजून कडक. त्यात शॉकअप नवा घाला नायतर जुना, थोडं उडणारच.

हौद्यात मागच्या अॅक्सलच्या वर सहा पोती माती टाका आणि तोच रस्ता, तोच वेग, परत चालवा. उडणं गेलं तर दोष पाट्याच्या कडकपणाचा. वजन असूनही मागं दोन-तीन हेलकावे येत असतील तर शॉकअप. पोती बांधून टाका, सुटी टाकू नका.

आणखी एक. पाट्यांच्या चिमट्यांत आणि मधल्या बोल्टपाशी गंजाची लाल पूड निघत असेल तर ते यू-बोल्ट सैल असतात. त्याचापण ठक् येतो. पाना लावून बघा.

कृष्णाकाठ

टोमॅटोवाला, पोत्यांचं भारी आहे. करतो.

लिफ्टनंतर अलाइनमेंट झाली होती, कागद आहे. पण मधे एकदा पुढच्या हाताचे (चाक धरणाऱ्या कंट्रोल आर्मचे) बुश बदलले, त्यानंतर नाही केली.

ह्यूस्टनकर

धागा वाचून राहवलं नाही. इकडे टेक्सासात उचललेले डिझेल ट्रक गल्लोगल्ली आहेत, आणि इकडचा सगळ्यात लोकप्रिय चुकीचा उपाय म्हणजे शॉकअप बदलणं.

फोर्ड एफ-२५० किंवा रॅम २५०० यांच्या ४ बाय ४ ला पुढेही अखंड अॅक्सल असतो. अशा गाड्या उचलल्या की एक आजार होतो, त्याला इकडे डेथ वॉबल म्हणतात. महामार्गाच्या वेगात एका खड्ड्यावरून गेलात की दोन्ही पुढची चाकं डावी-उजवीकडे थडथडायला लागतात आणि वेग अगदी कमी केल्याशिवाय थांबत नाहीत. लोक घाबरून शॉकअप आणि स्टिअरिंग डँपर बदलतात. महिना-दोन महिने बरं वाटतं, कारण नवा डँपर लक्षण दाबून ठेवतो. मूळ दोष बहुतेक वेळा ट्रॅक बारच्या (अॅक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांडीच्या) बुशमध्ये किंवा बोल्टच्या मोठ्या झालेल्या भोकात, बॉल जॉइंटमध्ये, नाहीतर उंची बदलल्यामुळे कमी झालेल्या कॅस्टरमध्ये (स्टिअरिंगच्या अक्षाच्या मागे झुकलेल्या कोनात) असतो.

तुमच्या व्ही-क्रॉसला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक आपापल्या दोन हातांवर) आहे, अखंड अॅक्सल नाही, म्हणून हा नेमका आजार तुम्हाला होणार नाही. पण तपासणीचा क्रम तोच ठेवा. इंजिन चालू ठेवून एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खाली बघायचं : टाय रॉड, बॉल जॉइंट, बुश. हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा मागून हलतो, तिथे खेळ आहे. शॉकअपची खरेदी त्यानंतर.

बाकी स्टिअरिंग ठरावीक वेगाला, समजा ८५ ते ९५ मध्ये थरथरतं आणि वेग वाढवला की थांबतं, हे बॅलन्सिंगचं. शॉकअपचा हेलकावा तसा वेग निवडत नाही. उंचवटा आला की येतो.

मिरचीभजी

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). अवांतर : अशी उचललेली गाडी आरटीओला चालते का?

निवांतपंत

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. वाचा आणि त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे त्यावरून न संपणारा वाद नको.

कृष्णाकाठ

सगळं केलं. हप्ता लागला. क्रमाने लिहितो.

हवा स्टिकरप्रमाणे केली. मागचं उडणं निम्म्याने कमी झालं, खोटं नाही बोलत. पंत, तुम्हाला वडापाव लागू.

पोती टाकून : मागे उडणं जवळजवळ गेलं, हेलकावेही नाहीत. पण भरल्यावरसुद्धा मोठ्या गतिरोधकावरून मागची चाकं उतरताना मागूनही एक हलका ठक् येतो, तो आधी लक्षातच आला नव्हता. यू-बोल्ट घट्ट आहेत.

टायर : पुढच्या डाव्यावर उंचवटे-खळगे स्पष्ट लागतात. उजवा बरा. बेअरिंगला खेळ नाही. टाय रॉड, बॉल जॉइंट ठीक.

तेल : पुढचा डावा पुसून कोरडा केला होता, दोन दिवसांत खालपर्यंत ओघळ. उजव्यावर फक्त वर धूळ. मागचे दोन्ही कोरडे.

उष्णता : कुंभार्ली घाटाच्या अलीकडच्या खडबडीत पट्ट्यावर चालवून गनने मोजलं. पुढचा उजवा ५८, डावा ४१, मागचे दोन्ही ५० च्या आसपास. बाहेर ३३ होतं.

पुढची चकती : स्ट्रटच्या वर काही नाही. स्प्रिंगच्या आत, वरच्या थाळीखाली आहे.

ग्रीसगन

वा. असा धागाकर्ता मिळाला की लिहायला हुरूप येतो.

पुढचा डावा गेलाय, यावर आता चर्चा नाही. गळती, कमी उष्णता आणि कपिंग, तिन्ही एकाच चाकावर. पण तो का गेला हे बघितलं नाही तर नवाही तसाच जाईल.

चकती दोन जागी बसवतात आणि दोन्हींचे रोग वेगळे.

स्ट्रटच्या डोक्यावर चकती बसवली तर स्ट्रट आतून जसाच्या तसा राहतो. तेवढीच स्प्रिंग, तेवढंच वजन, दांडा तेवढाच बाहेर. फक्त सगळा संच खाली सरकतो. चाक जास्त खाली लोंबकळतं, त्यामुळे बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टच्या कोनावर ताण येतो. आणि मोठ्या खड्ड्यात चाक वर येताना बंपस्टॉप (चाकाला शेवटी अडवणारं रबर) लागायच्या आत शॉकअपच पूर्ण मिटून तळाला ठोकतो.

स्प्रिंगच्या आत चकती घातली, तुमच्यासारखी, तर स्प्रिंग आधीच दाबून ठेवली जाते आणि तेवढ्याच वजनाखाली गाडी उंच उभी राहते. म्हणजे उभ्या गाडीतच दांडा नेहमीपेक्षा जास्त बाहेर आलेला असतो. वरच्या धक्क्याला भरपूर जागा, पण चाक खाली सुटायला जागाच उरलेली नाही. चाक गतिरोधकावरून खाली सुटतं, दांडा संपतो आणि पिस्टन आतून वरच्या टोकाला आदळतो. तेच तुमचं "ठक्". तुमचे टायर मूळच्यापेक्षा जड, म्हणजे प्रत्येक वेळी लोंबणारं वजनही जास्त. असे आपटे खात सील फुटतं, तेल जातं, उरलेल्या तेलाचा फेस होतो आणि व्हॉल्व्हला धरायला काही राहत नाही.

एक मोजमाप करा, मग मला जे वाटतंय ते खरं की खोटं कळेल. सपाट जागेवर गाडी उभी करून पुढच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत माप घ्या. मग चासीला जॅक लावून चाक पूर्ण लोंबू द्या आणि तेच माप पुन्हा घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे चाकाला खाली सुटायला शिल्लक असलेली जागा. हेच माप एखाद्या न उचललेल्या व्ही-क्रॉसचंही मिळालं तर उत्तम. मागे याहून सोपं : शॉकअपच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत, उभ्या गाडीत एकदा आणि लोंबत्या अॅक्सलवर एकदा.

घोडी (जॅकस्टँड) लावल्याशिवाय गाडीखाली डोकं घालायचं नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो.

कृष्णाकाठ

पुढे दोन्ही बाजूंना फरक ३ सेमी. मित्राच्या मूळ उंचीच्या गाडीला ८ सेमीच्या वर.

मागे बोल्ट ते बोल्ट फरक ३ सेमीपेक्षा थोडा कमी. मागचे शॉकअप मूळ गाडीचेच आहेत, लिफ्टवाल्याने बदललेलेच नाहीत. फक्त पाटा टाकला आणि दोन इंचांचं बिल केलं.

दख्खनी डिझेल

झालं तर मग. "किट" कुठलं, चकती आणि पाटा.

ग्रीसगन

अशी कामं सर्रास होतात, कारण गाडी शेडमधून बाहेर पडताना झकास दिसते आणि आवाज वर्षभराने सुरू होतो.

तर निदान असं. पुढचा डावा मेलाय. उजवा जिवंत आहे, पण तोही रोज वरच्या टोकाला आपटतोय. जोडीनेच बदला, कारण एका बाजूला नवा आणि एका बाजूला जुना घातला तर ब्रेकमध्ये आणि वळणात गाडी दोन बाजूंना दोन तऱ्हेने वागेल. मागचे मला झिजलेले वाटत नाहीत. ते आखूड आहेत. हा फरक लक्षात घ्या, कारण मूळ मापाचेच नवे मागे घातलेत तर पैसे गेले आणि ठक् तसाच.

मागच्यांची खात्री करायची असेल तर काढून हातात घ्या. दांडा वर, नळी खाली, जसा गाडीत असतो तसा उभा धरा. चार-पाच वेळा पूर्ण दाबून पूर्ण ओढा, मग तपासा. ओढताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा जड लागला पाहिजे. दिशा बदलताना मध्येच थोडं अंतर पोकळ गेलं तर तेल कमी किंवा हवा शिरलीय. ओढायला दाबण्यापेक्षा जास्त जोर लागतो, ते बरोबर आहे, बहुतेक शॉकअप तसेच बांधतात. दांड्यावर उभी ओरखड असेल तर सील आज ना उद्या जाणारच.

गोव्याचो पाव्हणो

दुकानात बॉक्समधून काढलेला नवाकोरा शॉकअप हातात पोकळ लागला होता एकदा. मी परत केला. दुकानदार म्हणे आडवा ठेवल्यामुळे होतं. खरं का?

ग्रीसगन

खरं. दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये आडवं ठेवल्यावर हवा किंवा गॅस बाहेरच्या नळीतून कामाच्या नळीत शिरू शकतो. म्हणूनच वर उभा धरून चार-पाच वेळा चालवायला सांगितलं. बसवायच्या आधी प्रत्येक नव्या शॉकअपला हे करावं आणि नंतर तो आडवा करू नये. त्यानंतरही पोकळ लागला तर परत करा. एकेरी नळीच्यात तेल आणि गॅस यांच्यामध्ये सरकता पिस्टन असतो, तिथे हा प्रश्न येत नाही.

कृष्णाकाठ

मग घेऊ काय? एकेरी नळी, दुहेरी नळी, फोम सेल, डोकं फिरायची वेळ आलीय.

ग्रीसगन

तुमच्या वापराला प्रकारापेक्षा लांबी आणि व्हॉल्व्हिंग महत्त्वाचं. थोडक्यात :

एकेरी नळीचा लवकर गार होतो, लांब खडबडीत रस्त्यावर टिकून काम करतो. पण त्याच्या नळीला दगडाने पोचा पडला की पिस्टन अडकतो आणि संपलं. दुहेरी नळीचा बाहेरून पोचा सहन करतो, मऊ चालतो, पण सतत हादरे बसले की तेल तापून त्यात फेस होतो आणि तात्पुरता ढिला पडतो. गार झाला की परत ताळ्यावर. ही झीज नव्हे. स्पितीत नाहीतर लडाखमध्ये पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्यावर "शॉकअप गेले" म्हणून रडणारे आणि मनालीला पोचल्यावर "बरे झाले" म्हणणारे यातलेच. फोम सेल म्हणजे गॅसऐवजी फोम घातलेला, तेलाचा साठा मोठा. तो ओझं वाहणाऱ्यांनी घ्यावा. तुमची गाडी रिकामी फिरते, तुम्हाला भारी व्हॉल्व्हिंगचा घेतला तर कंबर धरून बसाल.

पुढे चकती काढून टाका. दोन इंचांच्या लिफ्टसाठीच बनवलेला लांब स्ट्रट आणि त्याच्या जोडीची स्प्रिंग घ्या, त्याच कंपनीची. मागे दोन इंच जास्त लांब शॉकअप. पण लांब म्हटलं की उलटं संकट : तो मिटल्यावरही लांब राहतो. म्हणून अॅक्सल आणि बंपस्टॉप यांच्यातली मोकळी जागा मोजा, रबर आणखी दबतं ते धरा, आणि नवा शॉकअप उभ्या स्थितीपासून किमान तेवढा तरी आत जाऊन वर थोडा शिल्लक राहतो ना ते कॅटलॉगमधल्या मिटलेल्या लांबीशी ताडून बघा. नाहीतर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात बंपस्टॉपऐवजी शॉकअप मार खाईल आणि बोल्टाचं बसकं फाटेल.

चाक आता जास्त लोंबणार, म्हणून ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर पूर्ण लोंबत्या चाकावर ताणली जात नाही ना ते बसवतानाच बघा. ड्राइव्ह शाफ्टचं बूटही.

बसवल्यावर दांडा उघडा दिसत असेल तर त्यावर प्लास्टिकची केबल टाय सैलसर बांधा आणि नळीपर्यंत खाली सरकवा. आठवडाभराने ती दांड्यावर कुठे थांबलीय त्यावरून शॉकअप किती मिटतो ते कळतं. दहा रुपयांत मोजमाप.

आणि जुने गॅसचे शॉकअप भंगारवाल्यासमोर कापायला, भोक पाडायला बसू नका. आत दाब असतो.

टोमॅटोवाला

एक राहिलं. पाट्याच्या शॅकलचे (टोकाच्या झुलत्या जोडाचे) आणि पुढच्या खालच्या हाताचे बोल्ट गाडी रॅम्पवर लोंबत असताना आवळू देऊ नका. गाडी जमिनीवर, वजन चाकावर, दोनदा हलवून मग आवळायचे. लोंबती आवळली की रबरी बुश तिथेच पकडला जातो, खाली आणल्यावर पिळलेलाच राहतो, आणि सहा महिन्यांत फाटतो. मग परत टक टक, परत "शॉकअप गेले".

ह्यूस्टनकर

टोमॅटोवाल्यांची ही एक ओळ इकडच्या निम्म्या गॅरेजांत फ्रेम करून लावायला हवी.

कृष्णाकाठ

माल लावून झाला. पुढे संपूर्ण स्ट्रट, मागे लांब शॉकअप. बुशचे बोल्ट माझ्यासमोर जमिनीवर आवळून घेतले. मिस्त्रीने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग स्वतःच दुसऱ्या गाडीचेही तसेच आवळले. अलाइनमेंट केली. हेडलाइटही खाली करून घेतले, इतके दिवस समोरचे डिपर मारायचे ते का, ते कळलं.

पुलाच्या सांध्यावर नाक एकदा दबतं आणि शांत. दोन्ही ठक् गेले. लोंबत्या चाकाचं माप पुढे आता ७ सेमीच्या पुढे.

टायरचं घूं घूं आहे तसंच आहे. आणि रिकाम्या गाडीचं बूड वळणात अजून थोडं उडतं.

ग्रीसगन

टायर एकदा खड्ड्याखड्ड्यांचा झाला की नवा शॉकअप तो भरून काढत नाही. मागे टाका, आवाज तिकडे कमी जाणवेल, आणि संपेपर्यंत वापरा. बूड उडतंय ते जादा पाट्याचं. हौद्यात ओझं वाहायचं नसेल तर तो पाटा काढून मऊ संच घाला, पण त्याची घाई नाही.

पश्चिमघाट

माझी हायलक्स. मागे कॅनोपी, छतावर तंबू, पाण्याची टाकी. उचललेली नाही, मागे बसलीय. गॅरेजवाला म्हणतो भारी शॉकअप घाला, उठेल.

ग्रीसगन

उठणार नाही. वर लिहिलंय, शॉकअप वजन पेलत नाही. तुम्हाला पाटे लागतील. पण कुठले, हे वजनावर. सगळं सामान लादून, टाकी भरून, भुईकाट्यावर फक्त मागची चाकं चढवा आणि आलेला आकडा इथे टाका.

पश्चिमघाट

साखर कारखान्याचा काटा चालेल का?

टोमॅटोवाला

चालंल की. हंगाम संपल्यावर जावा मात्र. आत्ता गेलात तर ट्रॅक्टरच्या मागं दोन दिवस नंबर लागायचा नाही.